वरंब्यावरचा डाग

मावशी अजून दारात चपला काढत होत्या, तोवर मुलाने फोन माझ्या टेबलावर ठेवलाही होता. पडद्यावर उजव्या टाचेचा फोटो. डागाभोवती निळ्या बॉलपेनने काढलेला गोल, शेजारी स्टीलची पट्टी, मिलिमीटरच्या रेघा नीट दिसतील अशी धरलेली. खाली लाल चौकट आणि तिच्यात आकडा: ०.८७.

"मॅडम, मेलॅनोमा आहे," तो म्हणाला. "ॲप सत्त्याऐंशी टक्के सांगतंय. कधी काढायचा?"

मेलॅनोमा म्हणजे कातडीच्या रंगपेशींचा कर्करोग. आकडा दाखवत आत येणारे पेशंट आता नवे राहिलेले नाहीत. पण या प्रकरणाने मला दोन-तीन ठिकाणी अडवलं, एकदा तर माझ्याच घाईने. म्हणून ते सविस्तर लिहून ठेवतेय. मावशींची आणि मुलाची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माझा त्वचारोगांचा दवाखाना ठाण्यात, नौपाड्यात. मावशी ५८ वर्षांच्या, मूळच्या कराडकडच्या. चरईतल्या एका पोळीभाजी केंद्रात पहाटे सहापासून दुपारी दोनपर्यंत उभ्याने पोळ्या लाटतात. मधुमेह ११ वर्षांचा, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.४. मुलगा ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत. श्रावणाचा शेवटचा आठवडा होता, गणपती दहा दिवसांवर, आणि केंद्राने उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेऊन ठेवलेल्या. आई दुपारी पाय वर करून पडली असताना मुलाला टाचेवरचा काळा डाग दिसला. रात्री त्याने फोटो काढला, ॲपमध्ये टाकला, आणि मग पहाटेपर्यंत वाचत बसला. बॉब मार्ले पायाच्या अंगठ्याच्या नखाखालच्या मेलॅनोमाने १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी गेला, हेही त्याने मला सांगितलं. ते खरंच आहे.

"कापायचं तर कापा," मावशी म्हणाल्या, "पण गणपती बसू द्या आधी. टाच कापल्यावर मी उभी कशी राहू?"

त्या भीतीने बोलत नव्हत्या, हिशेबाने बोलत होत्या, आणि हिशेब बरोबर होता. टाचेची बायोप्सी म्हणजे पाठीवरचा तीळ काढणं नव्हे. अख्खं वजन पडणारी जागा, जाड कातडी, टाके ताणले जातात, आणि साखर वाढलेली असली की जखम रेंगाळते. त्यातून मेलॅनोमाचा संशय असेल तर वरवरची चकती खरवडून चालत नाही. हा कर्करोग किती खोल गेलाय ते मिलिमीटरमध्ये मोजावं लागतं आणि पुढचे सगळे उपचार त्या मापावर ठरतात. १९७० मध्ये ब्रेस्लो यांनी ही खोली मोजायची पद्धत घालून दिली, ती आजही चालते. म्हणजे तुकडा पूर्ण जाडीचा घ्यायला हवा. किमान दोन-तीन आठवडे त्या पायावर उभं राहणं बंद. तेवढी रजा पोळीभाजी केंद्र देत नाही, नवी बाई ठेवतं.

उलट बाजूही तेवढीच खरी. आपल्याकडे मेलॅनोमा दुर्मीळ आहे, पण होतो तेव्हा गोऱ्या लोकांसारखा उन्हात भाजलेल्या पाठीवर क्वचित होतो; तळपाय, तळहात आणि नखांखालची जागा या त्याच्या नेहमीच्या जागा. काटा रुतला असेल, चप्पल चावली असेल म्हणत लोक महिनोन् महिने काढतात. तेव्हा "काही नाही हो, जा" म्हणायला मी मोकळी नव्हते.

पाय पाहिला. उजव्या टाचेच्या आतल्या कडेला, एका भेगेला लागून, ११ गुणिले ८ मिलिमीटरचा तपकिरी-काळा चट्टा. सपाट. दुखत नाही, खाजत नाही, कधी रक्त आलेलं नाही. जांघेत गाठी लागल्या नाहीत. १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या तारेने, तळव्याची संवेदना तपासली. टाचेवर लागत होतं, दोन बोटांखाली मात्र कळत नव्हतं. रात्री तळपायांची आग होते, हे त्या ओघात म्हणाल्या. मी ते मधुमेहाच्या खात्यात लिहिलं आणि पुढे गेले. ही माझी पहिली चूक.

मग डर्मोस्कोप. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि त्याभोवती दिव्यांचं कडं, एवढंच ते यंत्र. पण ध्रुवीकृत प्रकाशामुळे कातडीच्या पृष्ठभागावरची चमक निघून जाते आणि थोडं आतलं दिसतं. मी ते फोनला जोडून फोटो काढते. तळव्याची कातडी भिंगाखाली कशी दिसते हे समजावण्यासाठी मला शेतासारखं दुसरं काही सापडलेलं नाही: समांतर सऱ्या आणि वरंबे. वरंब्यावर मधोमध ओळीने पांढरे ठिपके दिसतात, ती घामाच्या ग्रंथींची तोंडं. साध्या तिळाचा रंग बहुतेक वेळा सरीत साठतो. मेलॅनोमाचा रंग वरंब्यावर चढतो. जपानमधल्या साइदा यांच्या गटाने हे दाखवून दिलं. २००४ च्या त्यांच्या अभ्यासात वरंब्यावरचा समांतर रंग ही खूण सुमारे ८६ टक्के मेलॅनोमांमध्ये सापडली, आणि ज्यांना मेलॅनोमा नव्हता त्यांतल्या ९९ टक्क्यांमध्ये ती नव्हती. एका साध्या भिंगाने एवढं सांगितलं जात असेल तर त्यापुढे मान तुकवावीच लागते.

मावशींच्या टाचेवर रंग वरंब्यावर होता.

म्हणजे मला तसं वाटलं. जाड, भेगाळलेल्या टाचेवर सरी कुठली आणि वरंबा कुठला यात डोळा फसतो. त्यासाठी एक जुनी, स्वस्त युक्ती आहे. डागावर शाई लावायची आणि लगेच स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाकायची. वरंब्यावरची शाई पुसली जाते, सरीतली राहते. मी निळी शाई लावली, पुसली, परत भिंग टेकवलं. सऱ्यांमधून निळ्या बारीक रेघा वाहत होत्या आणि त्यांच्या अधेमधे तपकिरी पट्टे. शंका उरली नाही. फोनचा पडदा मावशींकडे वळवला आणि सरी-वरंब्याचं सांगितलं.

"पाणी सरीत पाहिजे," त्या लगेच म्हणाल्या. "वरंब्यावर दिसलं म्हणजे कुठंतरी फुटलंय."

इतकं नेमकं मला एमडीच्या वर्गात कोणी सांगितलं नव्हतं.

पुस्तकाप्रमाणे इथे प्रश्न संपतो. जपानी पायऱ्या स्पष्ट आहेत. वरंब्यावर रंग असेल तर आकार न बघता बायोप्सी. सरीत किंवा नेहमीच्या निरुपद्रवी नक्षीत असेल तर सोडून द्या. दोन्हींत बसत नसेल तर ७ मिलिमीटरची रेघ: मोठा असेल तर काढा, लहान असेल तर तीन ते सहा महिन्यांनी परत पाहा. मी बायोप्सीचं संमतिपत्र काढून टेबलावर ठेवलं, मधुमेहाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला घेतली. मुलगा मान हलवत होता. त्याच्या आकड्यावर माझ्या भिंगाने शिक्का मारला होता.

आता त्या आकड्याबद्दल, कारण मुलाने नंतर मला तो उलगडून सांगायला लावला.

फोटो वाचणाऱ्या यंत्राच्या आधी हे गणित आम्ही हाताने करत होतो. १९९४ मध्ये श्टोल्झ यांनी दिलेलं सूत्र आहे: असमानतेचे गुण गुणिले १.३, कडांचे गुणिले ०.१, रंगांचे गुणिले ०.५, रचनांचे गुणिले ०.५. बेरीज ५.४५ च्या वर गेली की मेलॅनोमाचा दाट संशय, ४.७५ च्या खाली साधा तीळ, मधे असेल तर नजर ठेवा. सुरुवातीच्या संगणकी पद्धती हेच करायच्या. डागाची हद्द आखायची, अर्ध्यावर दुमडून दोन बाजू जुळतात का बघायचं, रंग मोजायचे. गंमत म्हणजे हे सूत्र तळव्याला चालतच नाही, तिथली नक्षीच वेगळी. आताची यंत्रं असं काही शिकवून घेत नाहीत. त्यांना हजारो फोटो आणि प्रत्येकाचं निदान दिलं की कुठे बघायचं ते ती स्वतःच ठरवतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये १,२९,४५० फोटोंवर असं यंत्र शिकवून २१ त्वचारोगतज्ज्ञांसमोर उभं केलं, आणि ते त्यांच्या तोडीस तोड उतरलं. तेव्हापासून आमच्या परिषदांमध्ये चहाच्या रांगेतसुद्धा हाच विषय असतो.

पण कुठे बघायचं ते यंत्र स्वतः ठरवतं, यातच मेख आहे. कर्करोगाचा संशय असलेल्या डागाशेजारी डॉक्टर पट्टी धरून फोटो काढतात, साध्या तिळाशेजारी कोण पट्टी धरतो? त्यामुळे यंत्र पट्टीलाच भ्यायला शिकतं. हे स्टॅनफर्डच्याच लोकांनी नंतर प्रांजळपणे लिहिलं. जर्मनीतल्या हायडलबर्गच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की त्याच साध्या तिळाभोवती शस्त्रक्रियेच्या जांभळ्या शाईची खूण केली की बाजारातलं एक मान्यताप्राप्त यंत्रही तो मेलॅनोमा ठरवायला लागतं. आणि इथे मुलाने काय केलं होतं? शाईने गोल काढून शेजारी पट्टी धरली होती. इंजिनियरच्या काळजीपूर्वकपणाने.

ऐकून तो हसला नाही. शाई पुसली, पट्टी बाजूला ठेवली आणि खिडकीच्या उजेडात त्याच फोनवर फोटो काढला. ०.६४. मग माझा भिंगातला फोटो टाकून पाहिला, ०.७९. म्हणजे पट्टीची भीती गेली, वरंब्याची राहिली.

दुसरी गोष्ट मी त्याला पैशांत सांगितली. अशा यंत्रांच्या शिकवणीत हमखास वापरला जाणारा एक फोटोसंच आहे, एचएएम दहा हजार नावाचा, २०१८ मध्ये सर्वांसाठी खुला केलेला. व्हिएन्ना आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधून जमवलेले १०,०१५ फोटो. त्यांचे सात कप्पे: साधे तीळ ६,७०५, मेलॅनोमा १,११३, केरॅटोसिसचे निरुपद्रवी चट्टे १,०९९, बेसल सेल कर्करोग ५१४, उन्हाने होणारे कर्करोगाच्या वाटेवरचे चट्टे ३२७, रक्तवाहिन्यांचे डाग १४२, डर्मॅटोफायब्रोमा नावाच्या निरुपद्रवी गाठी ११५. अशा संचावर शिकलेल्या यंत्राच्या हातात एक रुपया असतो आणि तो या सात कप्प्यांत पूर्ण वाटायचाच असतो. सत्त्याऐंशी पैसे मेलॅनोमाच्या कप्प्यात पडले, एवढाच ०.८७ चा अर्थ. तुमच्या आईसारख्या शंभर बायकांपैकी सत्त्याऐंशींना कर्करोग, असा नाही. आणि सातांपैकी एकातही न बसणारी गोष्ट समोर आली तरी रुपया खिशात ठेवायची त्याला मुभा नाही.

शिवाय ते फोटो बहुतांशी गोऱ्या कातडीचे. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्याच लोकांनी वेगवेगळ्या वर्णांच्या कातडीचे ६५६ फोटो घेऊन नावाजलेली यंत्रं तपासली तेव्हा काळ्या-सावळ्या कातडीवर त्यांची कामगिरी घसरली. मावशींची टाच ही या यंत्रांच्या दृष्टीने परक्या मुलखातली टाच.

हे बोलणं चालू असताना मावशींना संमतिपत्रावर सही करायची होती. मी पेन दिलं. त्यांनी कागद डाव्या हाताने धरला आणि उजव्या हाताने, सावकाश, एकेक अक्षर काढत नाव लिहायला सुरुवात केली. मी त्या हाताकडे बघत होते. तर्जनीच्या नखाच्या कडेला, जिथे कातडी नखाला चिकटते तिथे, तपकिरी-काळी बारीक रेघ. मधल्या बोटालाही. पीठ लागलेल्या, रोज दहा वेळा धुतल्या जाणाऱ्या हातावर ती रेघ टिकून होती. टाचेचाच रंग.

"मावशी, केसांना काय लावता?"

"काळी मेंदी."

"आणि पायाला?"

"पायाला औषध न्हाई लावलं काही."

हे त्यांनी मला आधीही सांगितलं होतं. मी विचारलं होतं, "डागावर काही औषध लावलं का?" आणि त्यांनी खरं उत्तर दिलं होतं. प्रश्न चुकला होता.

"औषध नाही. मेंदी?"

"ती लावते की. आग होते म्हणून. केसांची उरली की टाचेला थापायची, फेकायची कशाला? थंड वाटतं."

मुलाने आईकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे. "अरे, तुझी आजी पण लावायची," एवढंच.

आजी लावायची ती पाटावर वाटलेली हिरवी मेंदी. तिच्यातलं लॉसोन नावाचं द्रव्य कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातल्या केरॅटिनला धरतं आणि केशरी-तपकिरी रंगवतं. काळ्या मेंदीच्या पुडीत काळेपणा आणणारं असतं ते बहुधा पॅराफेनिलिनडायअमिन, केसांच्या कलपातलं रसायन. ते जाड कातडीवर गडद बसतं आणि स्पिरिटने पुसून जात नाही. थापलेला रंग वरंब्यांच्या माथ्यावर धरतो, कारण तेच वर आलेले असतात. रंगाने वरंब्यांवर अशी समांतर नक्षी उमटते आणि भिंगाखाली मेलॅनोमाचा आभास होतो, याच्या नोंदी त्वचारोगाच्या साहित्यात आहेत. मी त्या वाचलेल्याही आहेत. भेगेच्या ओठावर रंग जास्त गडद होता, तो मी "अनियमित रंग" म्हणून संशयाच्या बाजूला लिहिला होता. तिथे लगदा साठला होता म्हणून तो गडद होता. तळपायांची आग मी मधुमेहाच्या खात्यात टाकून मोकळी झाले नसते तर "त्यावर काय करता?" हा प्रश्न दहा मिनिटं आधी आला असता. मराठी घरात पायाच्या आगीवर मेंदी थापतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझ्याच आजोळी तिच्यासाठी वेगळी वाटी असायची.

फोटोत टाच होती. बोट नव्हतं.

तरी नखाची रेघ म्हणजे पुरावा नव्हे. मेंदी लावणाऱ्या बाईला मेलॅनोमा होऊ शकतोच, आणि मेंदीखाली तो लपूही शकतो. त्यामुळे पुढची पायरी: खरवडणं. १५ नंबरचं ब्लेड जवळजवळ आडवं धरून टाचेची मेलेली कातडी पापुद्र्यापापुद्र्याने काढायची. इंजेक्शन नाही, टाका नाही, रक्त येता कामा नये. मधुमेही पायावर तर नाहीच नाही. बटाट्याची साल काढताना आतला गर लागू द्यायचा नाही, तसा हात. पहिल्या पापुद्र्याबरोबर तपकिरी भुकटी निघाली. पांढऱ्या कापडावर ते तुकडे ठेवत गेले. चौथ्या-पाचव्या पापुद्र्यानंतर खालची कातडी फिकट गुलाबी दिसायला लागली. मुलगा वाकून बघत होता, त्याचा श्वास माझ्या मनगटावर येत होता.

रंग मेलेल्या थरात असेल तर तो असा निघून येतो. मेलॅनोमाच्या पेशी त्याच्या खाली, जिवंत थरात असतात. वरचा थर काढल्यावर त्यांचा रंग तिथेच राहतो. खरवडून निघून येणारा आणखी एक नेहमीचा ठग म्हणजे खेळाडूंची काळी टाच. बॅडमिंटन, कबड्डी खेळणाऱ्या मुलांच्या टाचेत अचानक थांबण्या-वळण्याने बारीक रक्तस्राव होतो आणि ते सुकलेलं रक्तही वरंब्यांवर ठिपक्यांनी बसतं. दरवर्षी एखादं तरी असं घाबरलेलं पोर येतं.

पूर्ण चट्टा मात्र गेला नाही. ११ मिलिमीटरमधला जवळजवळ सगळा निघाला आणि मधे, थोडा कडेला, ३ मिलिमीटरचा फिकट तपकिरी ठिपका उरला.

सगळेच थोडा वेळ गप्प. मी परत भिंग लावलं. या वेळी रंग सऱ्यांमध्ये होता. बारीक, समांतर, सारख्या जाडीच्या रेघा, वरंबे स्वच्छ, त्यांच्यावरचे पांढरे ठिपके मोत्यांसारखे. शाईची युक्ती पुन्हा केली, निळी रेघ तपकिरी रेघेवर पडली. साधा तीळ. बहुतेक कित्येक वर्षांपासूनचा. स्वतःची टाच कोण बघतं? मुलाने तो फोटोही टाकला. यंत्राने रुपयातले एक्याण्णव पैसे तिळाच्या कप्प्यात टाकले.

इथे माझं यंत्राबद्दलचं मत लिहून टाकते, कारण सहकारी विचारतात. ते मूर्ख नव्हतं. त्याने दोन्ही वेळा समोर दिसणारी नक्षी बरोबर वाचली. पहिल्यांदा मीही तीच वाचली होती आणि तोच निष्कर्ष काढला होता. आम्ही दोघेही चित्रावर थांबलो. फरक इतकाच की मला पेन पुढे करता आलं. पाय धुऊन, मेलेली कातडी खरवडून, काय लावता ते तीन तऱ्हांनी विचारून मग फोटो काढला असता तर यंत्राने पहिल्याच फटक्यात मदत केली असती. आता दवाखान्यात टाचेचा फोटो काढायच्या आधी आमची मदतनीस विचारते: मेंदी, कलप, अळता, बिब्बा, आयोडीन, नवी चामड्याची चप्पल? एकेक नाव घेऊन. "काही लावलंय का" असं मोघम नाही.

संमतिपत्र फाडलं. जपानी पायऱ्यांप्रमाणे सरीतल्या ३ मिलिमीटरच्या तिळाला परत बोलवायचीही गरज नव्हती. तरी मी तीन महिन्यांनी या म्हटलं. त्याच्यावर रंगाचे थर चढलेले होते, मी त्याच दिवशी ते खरवडले होते, आणि एकदा फसलेल्या डोळ्यावर मी लगेच विश्वास ठेवत नाही. सपाट, लहान, शांत डागाच्या बाबतीत तीन महिन्यांच्या अंतराने तोच फोटो परत काढणं ही मान्य पद्धत आहे. मेलॅनोमा तेवढ्या काळात सहसा बदल दाखवतो. उंचावलेल्या, गाठीसारख्या, रक्त येणाऱ्या किंवा भराभर वाढणाऱ्या डागाला मात्र ही सवलत नाही. तिथे वाट बघणं म्हणजे खोली वाढू देणं. तिथे मी कुठलाही फोटो न जोखता सुई-ब्लेड हातात घेते. नखाखालच्या रुंदावत जाणाऱ्या काळ्या पट्ट्यालाही तेच. मुलाने कॉन्फोकल मायक्रोस्कोपबद्दल विचारलं, वाचलं होतं त्याने. न कापता पेशी दाखवणारं ते यंत्र चेहऱ्यावर छान काम करतं, पण त्याचा प्रकाश मिलिमीटरच्या पाव भागाइतकाच आत जातो, आणि टाचेची नुसती मेलेली कातडीच त्याहून जाड.

काळी मेंदी पायाला बंद. केसांनाही नकोच, असं सांगितलं. त्या रसायनाची ॲलर्जी आज नसली तरी उद्या होऊ शकते, आणि बधिर बोटांच्या पायावर फोड आलेला कळणारही नाही. आगीसाठी साखरेचं औषध वाढवायला आणि नसांसाठी गोळी द्यायला मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवलं. भेगांना रात्री युरियाचं मलम. मोदक झाले, किती केले ते मावशींनी फोनवर सांगितलं, पाचशेच्या वर.

दिवाळी आटोपल्यावर मावशी आल्या. हातांना चकलीच्या भाजणीचा वास. आगीला आराम होता, भेगा भरत आल्या होत्या. टाचेवर मेंदीचा मागमूस नाही. तीळ होता तिथेच. मी त्याच भिंगाने, त्याच दिव्यात, पट्टी-शाईविना फोटो काढला. मुलगा लॅपटॉप घेऊन आला होता. या तीन महिन्यांत त्याने ॲप काढून टाकलं होतं आणि दुसरंच काहीतरी करायला घेतलं होतं: दोन फोटो एकमेकांवर तंतोतंत बसवायचे आणि एकातून दुसरा वजा करायचा. काही बदललं नसेल तर वजाबाकीचं चित्र काळं येतं. जे बदललं तेवढंच उजळून दिसतं. खरी अडचण फोटो जुळवण्यात असते. पाय दर वेळी थोडा वेगळा वळतो, भिंग कमी-जास्त दाबलं जातं, कातडी ताणली जाते. त्यासाठी न बदलणाऱ्या खुणा लागतात. तळव्याच्या रेघा बोटांच्या ठशांसारख्या जन्मभर त्याच राहतात, त्याने त्यांचे फाटे धरून जुळवणी केली होती. वजाबाकी जवळपास काळी आली. कडेला एक उजळ पट्टा होता, ती भरलेली भेग. तिळाच्या जागी काही नाही.

मावशी चष्मा लावून दोन्ही फोटो बघत होत्या. त्यांचं समाधान झालेलं दिसेना.

"पण हे दोन्ही माझ्याच टाचेचे, हे त्या मशीनला काय माहीत?"

मुलगा रेघांचे फाटे दाखवायला लागला. त्यांनी त्याचा हात बाजूला केला, चेहरा पडद्याजवळ नेला आणि तिळाच्या खालच्या बाजूला, दोन्ही फोटोंत, एका पांढऱ्या आखूड रेघेवर बोट ठेवलं. तिथे सऱ्या तुटून परत जुळलेल्या होत्या. मी ती रेघ पाहिली होती आणि सुरकुती समजले होते.

"हा बाभळीचा काटा," त्या म्हणाल्या. "तिसरीत होते. दादांनी सुईनं काढला होता, विहिरीवर बसून. हां, माझीच आहे."